रेंडरिंगचा कॉम्प्युटर घ्यायला निघण्याआधी

घरं-इमारतींची ड्रॉइंग आणि रेंडर (मॉडेलवरून तयार होणारी खरीखुरी वाटणारी चित्रं) यांच्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी एक पेनड्राइव्ह रिकामा करा आणि गेल्या वर्षभरातली तुमची सगळ्यात जड फाइल त्यात भरा, टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) आणि झाडांच्या मॉडेलसकट. नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडची एखादी मोठी सोसायटी असेल, नाहीतर गंगापूर रोडचा बाग-तलावासकटचा बंगला. मशीन जोखायचं ते याच फाइलवर.

मग आज ज्या कॉम्प्युटरवर काम चालतं, त्यावर ती फाइल उघडा आणि शेजारी टास्क मॅनेजर (मशीनवरचा ताण दाखवणारा विंडोजमधला प्रोग्राम) लावून ठेवा. परफॉर्मन्सच्या पानावर तीन गोष्टी बघा. रॅम किती भरली, प्रोसेसरचा एकच कोर (त्यातला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) पळतोय की सगळे, आणि ग्राफिक्स कार्डाची डेडिकेटेड, म्हणजे स्वतःची, मेमरी कुठवर गेली. दोन-तीन दिवस कागदावर टिपून ठेवा की तुम्ही नेमकं कुठे थांबलात. प्लॅन झूम करताना, की सेक्शन तयार होताना, की रेंडर लावल्यावर? पैसे कुठे घालायचे हे त्या कागदावरूनच ठरवा.

कारण ड्राफ्टिंग (ड्रॉइंग काढणं) आणि रेंडरिंग ही मशीनकडे वेगवेगळं मागणारी कामं आहेत. ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिटमधलं रोजचं बहुतेक काम एकाच कोरवर चालतं. तिथे कोर किती यापेक्षा एक कोर किती वेगाने पळतो ते महत्त्वाचं. व्ही-रे हे रेंडरचं सॉफ्टवेअर प्रोसेसरवर चालवलं तर तेच उलटं होतं, जितके कोर तितकं लवकर रेंडर. लुमियन, एनस्केप आणि डी५ या रेंडरच्याच सॉफ्टवेअरचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर. मी ऑफिससाठी पहिलं मशीन घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाले, ‘मॅडम, आय नाईन घ्या, पाच वर्षं बघायला नको.’ घेतलं. बजेट त्या महागड्या प्रोसेसरवरच संपलं आणि कार्ड राहिलं ४ जीबीचं. लुमियनमध्ये बंगल्याच्या अंगणात गवत आणि आंब्याची झाडं टाकली की प्रोग्राम बंद पडायचा. त्या वेळी प्रोसेसर जेमतेम वीस टक्क्यांवर असायचा.

म्हणून कार्डाची मेमरी ही यादीतली सगळ्यात काळजीने तपासायची गोष्ट. सीन त्या मेमरीत मावला नाही की काम रखडतं किंवा सॉफ्टवेअर बंद पडतं, बाकी मशीन कितीही भारी असो. नुसतं इंटेरियर असेल तर ८ जीबीवर भागतं. बाहेरचे व्ह्यू, लँडस्केप, वॉकथ्रू करणार असाल तर १२ किंवा १६ धरा. नावावर जाऊ नका. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्डाचं एकच नाव ८ जीबीलाही आहे आणि १६ जीबीलाही. कोटेशनवर जीबीचा आकडा लिहून घ्या, बिलावरही. लॅपटॉपमध्ये तर जास्तच जपा. आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपला १२ जीबीचं येतं, लॅपटॉपला त्याच नावाखाली ८ जीबीचं, आणि एकाच नावाचं कार्ड किती वॅटवर चालवायचं हे लॅपटॉपची कंपनी ठरवते. साइटवर आणि क्लायंटकडे रोज जावं लागत नसेल तर डेस्कटॉपच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन काड्यांमध्ये. एकच काडी लावली तर वेग कमी मिळतो. मदरबोर्डला चार खाचा असल्या तर पुढे वाढवता येते. पण २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात चढले, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ म्हणून आत्ता १६ वर थांबू नका. चालू कामाला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क), जुन्या प्रोजेक्टना साधी हार्ड डिस्क. मॉनिटर आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा), २७ इंची, २५६० बाय १४४० चा. लॅमिनेटचा रंग क्लायंट त्याच्यावरच पसंत करणार आहे. मॅकचा विचार असेल तर रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमियन त्यावर चालत नाहीत, एवढं आधी बघा. जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर ते विंडोज ११ घेतं का ते विचारा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आता यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो, गडगडलं की लाइट जाते. सकाळच्या मीटिंगसाठी मी रात्रभराचं रेंडर लावून झोपले होते. पहाटे येऊन बघते तर स्क्रीन काळी. यूपीएस ६०० व्हीएचा होता, म्हणजे साधारण ३६० वॅटचा, आणि पूर्ण ताणावर मशीन त्याहून जास्त ओढत होतं. लाइट गेल्या क्षणीच तो बसला. प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर यांचे वॅट मिळवून यूपीएसचे वॅट बघा, व्हीए नाही. रेंडरच्या मशीनला १००० ते १५०० व्हीए लागतोच. एसएमपीएस (मशीनच्या आत वीज पुरवणारा भाग) चांगल्या कंपनीचा, ६५० वॅटच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि तापलेलं मशीन स्वतःच वेग कमी करतं. म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं, धूळ अडवणाऱ्या फिल्टरचं घ्या आणि टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

एक छोटी गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे मराठी फॉन्ट. जुन्या ड्रॉइंगमधली शीर्षकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की ‘गट नंबर’च्या जागी अगम्य अक्षरं उमटतात, आणि हे मंजुरीच्या आदल्या रात्री कळतं. जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी फॉन्ट, एसएचएक्स फाइली (ऑटोकॅडचे स्वतःचे फॉन्ट), प्लॉट स्टाइल (प्रिंटमधल्या रेषांची सेटिंग) आणि टेम्प्लेट बाजूला काढा.

बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर घालून. दर १८ टक्के आहे. दीड लाखाच्या मशीनवर २७,००० रुपये होतात, आणि तुम्ही फीवर जीएसटी लावत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसाराही मिळतो. विनाबिल स्वस्त देणाऱ्याकडे वॉरंटीही राहत नाही.

पैसे देण्याआधी पेनड्राइव्हमधली फाइल दुकानातच उघडून एक व्ह्यू रेंडर करून बघा. दुकानदाराला आधी फोन केला तर बहुतेक जण मशीन जोडून ठेवतात. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी तीच फाइल दोन तास सलग लावा, पंख्यांचा आवाज ऐका, प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान टिपून ठेवा. तेवढं होईपर्यंत खोके फाडू नका.