ऑक्टोबरात गाडीने सांदण दरीला

नवरात्र ते दिवाळी हा काळ धरा. सोनकीची पिवळी रानफुलं बऱ्याचदा टिकून असतात. पहाटे पाचलाच मुंबई सोडा, नाहीतर भिवंडी बायपासलाच सकाळ संपते. कसारा घाट चढून, इगतपुरी ओलांडून घोटीला उजवीकडे वळा. टाकी इथेच फुल करा. पुढे शेंडी, रतनवाडी, साम्रद. दरी याच गावाजवळ.

परतताना घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायची नाही (पेट्रोल वाचतं म्हणे!). दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो, ब्रेक लागेनासा होतो. तसं झालं तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. दरीत पाणी असेल तर आत उतरू नका. काठावरूनही पैसे वसूल.