जुनं डच घर घेताना आधी पायपुसणं उचला

रविवारी संध्याकाळी मंडळातल्या कुणाचा तरी फोन येतो. "घर पाहिलं, फारच आवडलं. उद्या बारापर्यंत ऑफर द्यायची आहे, किती वर जाऊ?" मी विचारते, क्राउप्लाउक उघडून पाहिलंत का? पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न, "ते काय असतं?"

नेदरलँड्समध्ये राहून मला बारा वर्षं झाली आणि हा संवाद मी इतक्यांदा केला आहे, की आता लिहूनच टाकते.

रांगेतल्या जुन्या घरात शिरलात, की दाराशीच पायपुसण्याखाली बहुतेक वेळा एक लाकडी झाकण असतं. ते क्राउप्लाउक. उचललं की जमिनीखालची पोकळी दिसते, माणूस जेमतेम सरपटत जाईल एवढी. वरचं किचन, पांढरा रंग, चकचकीत लॅमिनेट हे सगळं विकण्याआधी महिनाभरात करता येतं. खालचं नाही. मी टॉर्च घेऊनच जाते. आधी वास घ्यायचा. ओल्या मातीचा कुबट वास आला तर थांबायचं. मग वाळू कोरडी आहे की पाणी साचलंय ते पाहायचं, आणि लाकडी तुळया भिंतीत जिथे शिरतात तिथे त्यांची टोकं काळी पडलीत का तेही. पाच मिनिटांचं काम आहे. मकेलार, म्हणजे घराचा दलाल, घड्याळ बघत असला तरी करायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बोली जिंकायची म्हणून बांधकाम तपासणीची अट, म्हणजे तपासणीत मोठा दोष निघाला तर मागे फिरण्याची मुभा, सोडून देणं. २०२१ साली बाजार तापलेला असताना आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने हेच केलं. झानडाममधलं १९३०च्या आसपासचं घर. गल्ली इतकी शांत, की मुलं फूटपाथवर खडूने चित्रं काढत बसायची. चार वर्षांच्या लेकीसाठी शाळा दोन मिनिटांवर. आधीची तीन घरं हातची गेली होती, त्यामुळे चौथ्याला त्यांनी अटच काढून टाकली. मी म्हटलं होतं, अट नको तर नको, पण बोलीच्या आधी तपासनीस बोलवा, काही शे युरो जातील. "वेळच नाहीये गं," हे उत्तर मिळालं.

पहिल्याच हिवाळ्यात बेडरूमचं दार चौकटीत अडकायला लागलं. सुताराने तासून दिलं. फेब्रुवारीत पुन्हा अडकलं. मग मागच्या भिंतीवर विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भेग दिसली. पाया तपासायला भिंतीलगत खड्डा खणला तेव्हा लाकडी खांबांची डोकी उघडी पडली, आणि तपासणाऱ्याच्या हातातली सुई त्यात सहज रुतली. दुरुस्तीचा अंदाज आला ९० हजार युरोंचा. त्यात मधली भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून एकट्याचं घर उचलून दुरुस्त करता येत नाही. डावीकडच्या आजींकडे पैसे नव्हते. सगळे तयार होईपर्यंत तीन वर्षं गेली. ती लेक त्या काळात भेगेवर पेन्सिलने तारखा लिहायची. ते बघून मला आजही पोटात तुटतं.

होतं असं, की पश्चिमेकडच्या मऊ पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) आणि चिकणमातीच्या जमिनीत १९७०च्या आधीची बरीच घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब पाण्याखाली असेतोवर टिकतात. भूजल खाली गेलं की डोक्यांना हवा लागते, बुरशी धरते, लाकूड कुजतं. झानडाम, रॉटरडॅम, डोर्डरेख्टच्या काही भागांत हे घरोघरी माहीत आहे. गाउडामध्ये तर जमीनच खचते. पूर्वेकडे आपेलडोर्नसारख्या वाळूवरच्या गावांत ही धास्ती पुष्कळ कमी. आणि हे ध्यानात ठेवा, की नेहमीची बांधकाम तपासणी खांबांपर्यंत पोचत नाही. त्यासाठी पायाची वेगळी तपासणी लागते.

माझी पद्धत साधी आहे. समोरच्या फूटपाथवर दहा मिनिटं उभी राहते आणि अख्ख्या रांगेच्या विटांच्या ओळी नजरेने सरळ जातात का ते पाहते. नंतर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची बेल वाजवून थेट विचारते, इथल्या पायाचं काम झालंय का? डच माणसं सरळ उत्तर देतात. आपल्याकडच्यांना यात संकोच वाटतो. आयुष्याची कमाई ओतताना कसला संकोच? नगरपालिकेकडे जुने नकाशे असतात, तेही मागवा. माहीत असलेला दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, पण शोधणं तुमच्यावरही आहे. करारात घराच्या वयाचं कलम, म्हणजे जुन्या घराकडून नव्याची अपेक्षा धरू नये असं, असेल तर नंतर भांडायला फारशी जागा उरत नाही. सही केलेला करार हातात आला की विचार बदलायला तीनच दिवस मिळतात. त्यानंतर, कुठलीही अट शिल्लक नसताना मागे फिरलात, तर दंड साधारण किमतीच्या १० टक्के.

दुसरी चूक पैशांची. बँक घराच्या मूल्यांकनाइतकंच कर्ज देते, तुमच्या बोलीइतकं नाही. ४,७५,००० ची बोली लावली आणि मूल्यांकन ४,४०,००० आलं, तर ३५,००० खिशातून. वर २ टक्के हस्तांतरण कर, म्हणजे ९,५००. नोटारिस (खरेदीखत करणारा नोटरी), मूल्यांकन, सल्लागार यांचा खर्च वेगळा. पस्तिशीच्या आतल्यांना पहिल्या घरावर हा कर माफ होऊ शकतो, पण किमतीची मर्यादा दरवर्षी बदलते, ती आधी पाहा.

१९९४ पूर्वीच्या घरात ॲस्बेस्टॉस धरूनच चाला, विशेषतः मागच्या शेडच्या छपरात. १९६०च्या आधीचं घर असेल तर पाण्याचे पाइप शिशाचे आहेत का ते विचारा, तान्हं बाळ असेल तर नक्कीच. ॲम्स्टरडॅम आणि हेगमध्ये जमीन भाडेपट्ट्यावर आहे का हे पहिल्याच दिवशी बघा. स्किफोल विमानतळाजवळच्या आम्स्टेलवेनमध्ये एका शांत सकाळी घर पाहून भुलू नका, विमानं कुठल्या धावपट्टीवर उतरणार हे वाऱ्यावर ठरतं. वेगळ्या दिवशी पुन्हा जा. दाराची दिशा बघता तशी बागेचीही बघा, इथला सूर्य हिवाळ्यात फार खाली असतो.

नोटारिसकडे जायच्या सकाळी घराची शेवटची पाहणी असते. ती उरकून टाकू नका. सगळे नळ सोडा, हीटिंग चालू करून प्रत्येक रेडिएटरला हात लावा, मीटरचे आकडे लिहून घ्या, आणि पायपुसणं पुन्हा एकदा उचला.