परसातल्या कोंबड्यांचे स्वभाव: जात बघून कोंबड्या आणताना या चुका टाळा

कोकणात कोंबड्या घ्यायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो अंड्यांचा, दुसरा वजनाचा. स्वभावाचा प्रश्न निघतो तो दोन-तीन आठवड्यांनी, एखादीची पाठ बोडकी दिसायला लागली की. मग शेजारी सांगतात, "ती जातच तशी." निम्म्या वेळा हे खरंही असतं. उरलेल्या निम्म्या वेळा दोष खुराड्याचा, खाण्याचा नाहीतर पावसाचा असतो, आणि आपण जातीला नावं ठेवून कोंबड्या विकून मोकळे होतो.

आकडे बघून कळप जमवणे

वनराज जातीची कोंबडी वर्षाला साधारण शंभर-एकशेदहा अंडी देते, ग्रामप्रिया त्याहून बरीच जास्त, गावठी जेमतेम साठ-सत्तर. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण एकाच परड्यात एकाच परातीतून खाणाऱ्या कोंबड्यांचं एकमेकींशी जमणार का, हा हिशोब कुणी करत नाही.

गिरिराज ही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली जात, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या. यांतल्या गिरिराज आणि वनराज अंगाने जड, चालायला सुस्त, स्वभावाने मवाळ. माणूस जवळ आला तरी पळत नाहीत, मुलांनी उचललं तरी फारशी फडफड नाही. पण हाच मवाळपणा परड्यात नडतो. घार वरून फिरायला लागली की गावठी कोंबडी एक आवाज काढून करवंदीच्या जाळीत शिरते, गिरिराज मान वर करून बघत राहते. मुंगूस आणि घार यांना जड कोंबडी सोपी.

ऱ्होड आयलंड रेड, आपल्याकडे सगळे ज्याला नुसतं 'आरआयआर' म्हणतात, ती माणसाला बुजत नाही, पण बाकीच्यांवर हुकूम गाजवते. सकाळी परातीत कणी आणि कोंडा कालवून ठेवा आणि दोन पावलं मागे सरून बघा. लाल कोंबडी परातीच्या मध्यावर येऊन उभी राहते. वनराज कडेने चोच घालते. कडकनाथ एक दाणा उचलून चार हात लांब पळते, परत येते, पुन्हा पळते. परात रिकामी होते तेव्हा कडकनाथच्या पोटात फारसं काही गेलेलं नसतं, आणि मालक म्हणतो, "हिला वाढच नाही."

यावर उपाय अगदी साधा. एक मोठी परात ठेवण्यापेक्षा तीन-चार लहान भांडी ठेवा, एकमेकांपासून दिसणार नाहीत अशी: एक मांगराच्या म्हणजे शेतातल्या खोपटाच्या मागे, एक गडग्याच्या आडोशाला, एक फणसाखाली. हुकूम गाजवणारी एका वेळी एकाच भांड्यावर उभी राहू शकते.

ऑस्ट्रालॉर्प मिळाली तर जरूर घ्या. काळी, शांत, अंड्यालाही चांगली. फक्त एप्रिल-मेच्या उन्हात तिला दाट सावली लागते. लेगहॉर्न मात्र परड्यासाठी मला पटत नाही. अंडी भरपूर देते हे कबूल, पण भांडं पडलं तरी सगळा गोतावळा घेऊन उडते आणि तिच्या घाबरटपणाची लागण बाकीच्यांना होते. शिवाय पांढरी शुभ्र, म्हणजे घारीला लांबूनच आमंत्रण.

असीलला 'भांडखोर' म्हणून सोडून देणे, किंवा तसाच कळपात सोडणे

असीलबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे हौसेने असील कोंबडा आणून गिरिराजच्या कोंबड्याबरोबर सोडणे. गिरिराजचा कोंबडा वजनाने भारी असतो म्हणून मालकाला वाटतं तो टिकेल. टिकत नाही. वजन वेगळं आणि लढायची खुमखुमी वेगळी. बाकीच्या जातींत एकाने मान खाली घालून पळ काढला की भांडण मिटतं. असील समोरच्याने हार मानली तरी थांबत नाही. दोन असील कोंबडे तर एका कुंपणात ठेवूच नयेत. मधली जाळीही आरपार दिसणारी नको, नाहीतर दिवसभर जाळीवर धडका देऊन तुरा आणि चोच फोडून घेतात. खालचा दीड-दोन फूट भाग झापाने नाहीतर जुन्या पत्र्याने झाकून टाका. आणि झुंजी लावण्याची हौस असेल तर ती कायद्याने गुन्हा आहे, १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे.

दुसरी चूक उलट बाजूची. असील माणसावर धावतो असं धरून चालणे. चांगल्या हातातला असील माणसाशी फार गरीब असतो, काखेत घेतला तरी शांत बसतो. त्याचं वैर कोंबड्याशी. असील कोंबडी अंडी थोडी देते, पण खुडूक झाली की अंड्यांवरून हलत नाही आणि पिल्लांसाठी मुंगसाच्या अंगावर जाते. गिरिराज आणि वनराज सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे त्यांची अंडी उबवायला असील किंवा गावठी कोंबडीच लागते. तिला वेगळं डालगं द्या. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की असील पिल्लं आपसांत भांडायला सुरुवात करतात. तेव्हा वेळेत वेगळी करा.

न जुळणाऱ्या कोंबड्यांची तुलना

"आमची कावेरी शांत, तुमची आरआयआर मारकुटी." कावेरी हीही एक सुधारित जात. विचारावं, कावेरी केवढी? दोन महिन्यांची. आरआयआर? वर्षाची, अंड्यावर असलेली. ही तुलनाच नव्हे. पहिलं अंडं घालायच्या आधी पंधरा-वीस दिवस तलंगेचा, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबडीचा, स्वभाव बदलतो, कोंबड्याचा पाचव्या महिन्याच्या आसपास. त्याआधी दिलेलं प्रशस्तिपत्र कामाचं नाही.

खुडूक कोंबडी तर सगळ्यांना फसवते. कालपर्यंत हातात येणारी गावठी आज पिसं फुलवून गुरगुरते, हात घातला की चोच मारते. ती बिघडलेली नाही, बसायला आलेली आहे. अंडी उबवायची असतील तर बसवा, २१ दिवसांनी पिल्लांबरोबर आणखी तापट होईल, मग महिन्या-दीड महिन्यात निवळेल. उबवायची नसतील तर तळाला जाळी असलेल्या उघड्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी नेहमीचं द्या. पोटाखालून वारा लागला की तिची बसायची ओढ कमी होते. पाण्यात बुडवण्याचा जुना उपाय जुलैत तरी करू नका, कोंबडी वाळतच नाही.

पिसं झडण्याच्या दिवसांतही स्वभाव बदलतो. नव्या पिसांचे कोंब दुखरे असतात, त्यामुळे एरवी मांडीवर बसणारी कोंबडी हात लावू देत नाही.

नीट ओळखायचं असेल तर प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाची प्लॅस्टिकची रिंग घाला आणि एकाच वयाच्या, एकाच खुराड्यातल्या कोंबड्या सकाळी दाणा टाकताना आणि तिन्हीसांजेला दांडीवर चढताना बघा. दांडीवर वरची जागा कोण घेते यावरून कळपातली उतरंड लगेच कळते. ही चोचीची उतरंड शंभर वर्षांपूर्वी एका नॉर्वेजियन अभ्यासकाने, श्येल्डरूप-एब्बे याने, कोंबड्या बघूनच मांडली होती. आपल्याला त्यासाठी शास्त्रज्ञ व्हायची गरज नाही, पडवीत बसून चहा पिता पिता दिसतं.

दांडीचाच एक मुद्दा. गावठी आणि कडकनाथ फणसावर चढायला बघतात, जड कोंबड्यांना दोन फुटांच्या वर चढवत नाही. सगळ्यांसाठी एकच उंच दांडी बांधली की गिरिराज खाली शिटांत बसते, वरून उडी मारलीच तर तळव्याला गळू होतं. दोन उंचीच्या दांड्या बांधा, खालची जाड आणि बोथट कडांची.

पावसाळ्यातल्या भांडणांचा ठपका जातीवर ठेवणे

कोकणातली खरी परीक्षा जूनपासून. किनारपट्टीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बराचसा चार महिन्यांत. उन्हाळ्यात अख्ख्या आगरात पातेरा उकरत फिरणाऱ्या कोंबड्या एकदम खुराड्यात कोंडल्या जातात. उकरायला काही नाही, पळायला जागा नाही, मग चोच शेजारणीच्या पिसांवर जाते. आधी शेपटाच्या बुडाशी, मग पाठीवर. एकदा रक्त दिसलं की मवाळातली मवाळ वनराजसुद्धा त्यावर तुटून पडते.

अशा वेळी क्रमाने बघा. जागा किती? आत प्रत्येक कोंबडीमागे निदान दोन-तीन चौरस फूट आणि बाहेर छप्पर असलेली आठ-दहा चौरस फूट जागा हवी. खुराडं मोठं करणं जमत नसेल तर पावसाआधी कोंबड्या कमी करा, हाच प्रामाणिक उपाय. मांगराच्या पडवीला जाळी मारून घेतली तरी निम्मं भांडण जातं.

मग खाणं. नुसती कणी, कोंडा आणि उरलेला भात यांवर कोंबडी जगते, पण प्रथिनं कमी पडली की ती पिसं खाते. आपल्याकडे सुक्या मासळीची कुटी मिळते, ती थोडी घालणं उत्तम, पण बिनमिठाची. खारवलेल्या सुक्या मासळीतलं मीठ कोंबड्यांना बाधतं, जास्त झालं तर मरतात. स्वयंपाकघरातला खारा बांगडा म्हणूनच नको. वारुळातली वाळवी, शेवग्याचा पाला, तिसऱ्यांचे शिंपले भाजून कुटलेला चुरा, हे सगळं घरचं आहे. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, तिला लागेल तेवढा ती खाते.

खाली तूस ओलं झालं असेल तर वास डोळ्यांना झोंबतो. कोंबड्यांना तो आपल्या आधी झोंबतो, कारण त्यांचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर. ओलं तूस काढा, उरलेलं रोज उलथापालथ करा, कोरडं घाला. करमणूक म्हणून अळूची किंवा केळीची पानं, नाहीतर माठाची जुडी चोच पोचेल अशा उंचीवर टांगा. तासभर तरी सगळ्या तिकडेच गुंततात.

जिला टोचलं आहे तिला लगेच बाजूला काढा. जखम धुऊन हळद खोबरेल तेलात कालवून लावा किंवा औषधाच्या दुकानातलं जांभळं औषध लावा, त्याने लाल रंग झाकला जातो. पावसात जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला करून बघावंच लागतं. चोच कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, परड्यात किडे वेचून खाणाऱ्या कोंबडीला चोच पूर्ण लागते.

आता याच्या उलटची, आणि माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक: आजारी कोंबडीला शांत समजणे. गिरिराज शांत असते हे एकदा डोक्यात बसलं की कोपऱ्यात पिसं फुलवून, डोळे मिटून उभी असलेली गिरिराज 'स्वभावानेच तशी' वाटते. शांत कोंबडी दाणा टाकल्यावर येते. आजारी येत नाही. विष्ठेत रक्त असेल तर रक्ती हगवण धरा. विष्ठा हिरवट, तोंड उघडं टाकून श्वास, मान वाकडी, असं असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. मानमोडीला औषध नाही, लसच आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून. पिल्लं घेताना कुठली लस कधी दिली हे विचारून लिहून घ्या, आणि शंका आली की पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

एकटी नवी कोंबडी भर दिवसा सोडणे

बाजारातून एक देखणी ब्रह्मा किंवा डोक्यावर पिसांचा झुबका असलेली पोलिश आणली आणि टोपलीतून थेट कळपात सोडली, की काय होतं ते बघवत नाही. झुबकेवालीला बाजूचं दिसतच नाही, त्यामुळे प्रत्येक चोच तिला अचानक बसते. ब्रह्माच्या पायांवर पिसं, ती आपल्या चिखलात भिजून लगदा होतात. या जाती कोकणात पावसाळ्याला नकोतच असं माझं मत, हौस असेल तर कोरडी, वेगळी जागा तयार ठेवा.

नवीन कोंबडी आधी पंधरा-वीस दिवस लांब ठेवायची, आजारासाठी. मग आठवडाभर जाळीपलीकडे, एकमेकींना दिसतील अशी. नंतर अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवायची, आणि शक्यतो दोघींना मिळून. सकाळी थोडी चोचाचोची होतेच. रक्त नाही तोवर मध्ये पडू नका.

मारका कोंबडा सांभाळत बसणे

आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तीन-चार ठेवले की कोंबड्यांच्या पाठी सोलवटतात आणि आपण म्हणतो, या जातीची पिसंच कच्ची. आरआयआरचे काही कोंबडे माणसावरही धावतात. काठीने किंवा लाथेने तो सुधारत नाही, तुम्हाला आव्हान समजतो. लहान मुलं असलेल्या घरात असा कोंबडा मोकळा नको, त्याच्या नखीने डोळ्याला इजा होऊ शकते. शिवाय हा तापटपणा पिल्लांत उतरतो, म्हणून त्याच्यापासूनची अंडी उबवायला ठेवू नका.

गटारीच्या आधी अशा कोंबड्याला दर चांगला मिळतो. अडचण होते ती राखणेला, म्हणजे राखणदार देवाला नवस म्हणून, बोललेल्या कोंबड्याची. तो विकता येत नाही आणि सोडवतही नाही. त्याला मांगराच्या बाजूला वेगळी जाळी करा, सोबतीला कळपातल्या दोन धिटुकल्या म्हाताऱ्या कोंबड्या द्या, आणि दाणापाण्याची भांडी बाहेरून आत सरकवता येतील अशी फट ठेवा.