रोजच्या पूजेला, जपाला वेळ कसा काढायचा: नोकरी, शेती, शिफ्ट सगळं सांभाळून

खान्देशातल्या माणसाला देवासाठी वेळ नसतो असं कोणी म्हणू नये. चैत्रात लोकं उन्हातान्हात सप्तशृंग गडाला पायी जातात, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या उत्सवाला, सुरत-मुंबईला गेलेली भावकी गावी परत येते, मुक्ताईची पालखी ज्येष्ठात मुक्ताईनगरहून निघून महिनाभर चालते नि आषाढीला पंढरपूर गाठते. मोठ्या कामाला आपण कुठेच कमी पडत नाही, अडतं ते रोजचं. सकाळी दोन अगरबत्त्या ओवाळल्या, गाडीला किक मारली, आणि मग दिवसभर मनात चुटपुट की आज पण धड काही झालं नाही. हे घरोघरी चालू आहे. हे बदलता येतं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी पहाटे तीनला उठायची पण गरज नाही.

आधी बघा वेळ जातो कुठे

दोन-तीन सकाळी काहीच बदलू नका, नुसतं लक्ष ठेवा. बहुतेकांना एकच गोष्ट सापडते, की पूजा दहा-बारा मिनिटांचीच असते पण तिच्या आधीची धावपळ पूजेपेक्षा जास्त असते. काडेपेटी गॅसजवळ राहिलेली, वात वळायची बाकी, तेलाची बाटली रिकामी, कालची फुलं अजून देवावरच, ताम्हण घासायच्या भांड्यांत. हे सगळं करता करता साडेआठ वाजतात नि मग मंत्र घाईघाईत. म्हणजे वेळ देवासमोर बसण्यात जात नाही, बसण्याआधी जातो.

दुसरी जागा मोबाईल. डोळे उघडल्या उघडल्या व्हॉट्सअ‍ॅप बघितलं की पंधरा-वीस मिनिटं कधी गेली ते कळत नाही, मग ते देवाचे फोटो आणि सुप्रभातवाले मेसेज का असेनात. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. जाग आल्यावर हात समोर धरून कराग्रे वसते म्हणायचं, जमिनीला हात लावून नमस्कार करायचा, मगच उठायचं. एका मिनिटाचं काम आहे पण दिवसाची पहिली गोष्ट कोणती हे त्यात ठरतं.

तयारी रात्रीच करून ठेवा

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. जेवणं झाली, ओटा आवरला की पाच मिनिटं देवघराला द्या. निर्माल्य काढा, ताम्हण-पळी-पंचपात्री घासून पालथी घाला, निरांजनात वात घालून ठेवा, समईत तेल बघा, काडेपेटी देवघरातच ठेवा आणि ती तिथून कोणीही हलवायची नाही हे घरात सांगून टाका.

वातींचं तर आपल्याकडे अगदी सोपं आहे. कापूस घरचा असतो, नसला तर भावकीत कोणाकडे तरी असतोच. आजी असेल, सासूबाई असतील, त्यांना मूठभर सरकी काढलेला कापूस दिला की दुपारी बसल्या बसल्या महिन्याभराच्या फुलवाती वळून होतात, आणि त्यांना पण घरातल्या पूजेत आपला हात आहे याचं समाधान मिळतं. तुपात भिजवलेल्या फुलवाती डबीत भरून ठेवल्या की सकाळी फक्त उचलायची नि लावायची.

आता एक नाजूक विषय. कित्येक देवघरांत देवांची गर्दी झालेली असते, यात्रेतून आणलेल्या मूर्ती, लग्नात आलेल्या फ्रेमा, कॅलेंडरमधून कापलेले फोटो. रोज सगळ्यांना अंघोळ घालून पुसायचं म्हटलं तर अर्धा तास तिथेच जातो. घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा की गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड, कुलदैवताचे टाक, जशी तुमच्या घरची रीत असेल तशी या मूर्तींची पूजा रोज, आणि फोटोंना रोज नुसतं गंध-फूल, पुसणं शनिवारी. यात कुठल्याच देवाचा अपमान नाही. सोळा उपचारांची षोडशोपचार पूजा सणावाराला करावी, रोजच्यासाठी पंचोपचार शास्त्रातच दिलेली आहे, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. नैवेद्याला दूध-साखर किंवा घरचं केळं चालतं, आणि केळ्याला तर आपल्याकडे तोटा नाही.

नेम किती घ्यायचा

इथे उत्साहात लोकं फसतात. नवरात्रात ठरवतात की रोज अकरा माळा, एक अध्याय, हरिपाठ, आणि दिवाळीपर्यंत सगळं बंद. नेम असा घ्या की लग्नाच्या घरात, आजारपणात, कापसाच्या वेचणीत पण मोडणार नाही. आधी कशाला किती वेळ लागतो ते माहीत करून घ्या, बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा तो कमी असतो. राम कृष्ण हरीची 108 ची एक माळ चार-पाच मिनिटांत होते. ॐ नमः शिवायची तेवढीच किंवा थोडी जास्त. गायत्रीच्या माळेला मात्र पंधरा-वीस मिनिटं धरा. अथर्वशीर्ष पाच-सात मिनिटं, रामरक्षा दहाच्या आत, गीतेचा पंधरावा अध्याय 20 श्लोकांचा आहे तो सात-आठ मिनिटांत होतो. पूर्ण हरिपाठ म्हणायचा तर वीस-पंचवीस मिनिटं हवीत.

मग स्वतःसाठी दोन माप ठरवा. एक रोजचं, समजा पंचोपचार पूजा, एक माळ, एक स्तोत्र, म्हणजे साधारण अर्धा तास. आणि एक अडीनडीचं, दिवा आणि एक माळ, बस. अडीनडीचं माप झालं तरी त्या दिवशीचा नेम झाला असं धरायचं, मनाला बोचणी लावून घ्यायची नाही. ही दोन मापं ठरवली नाहीत की एखाद्या दिवशी अर्धा तास मिळत नाही म्हणून माणूस पाच मिनिटं पण बसत नाही, आणि नेम तुटतात ते असेच.

घड्याळाला नाही, अंघोळीला बांधा

भुसावळला रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, वरणगावच्या फॅक्टरीत, जळगावच्या एमआयडीसीत शिफ्टवाली माणसं किती आहेत. आज फर्स्ट, पुढच्या आठवड्यात नाईट. त्यांनी सकाळी साडेसहाची पूजा असं ठरवलं तर ते टिकणार कसं? त्यापेक्षा अंघोळ झाली की ओल्या डोक्यानेच देवासमोर, चहा नंतर, असं ठरवा. अंघोळ कुठल्याही शिफ्टला होतेच. नाईट करून आलात तर आधी झोपा, उठून अंघोळ करा नि मग बसा, पेंगत बसण्यापेक्षा ते बरं.

ज्यांचा दिवस सरळ आहे त्यांनी ब्राह्ममुहूर्त जरूर बघावा. सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी तो सुरू होतो आणि 48 मिनिटं आधी संपतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो म्हणजे तो साडेपाच ते सव्वासहा असा येतो, जमण्यासारखा आहे. मे महिन्यात चार ते पाचच्या मधे येतो, पण तेव्हा पारा 45 ला टेकतो नि रात्री बारापर्यंत गच्चीवर झोप लागत नाही, त्या महिन्यात ओढाताण करू नका, उठाल तेव्हा ऊन चढायच्या आत बसा.

हात गुंतलेले असताना तोंड मोकळं असतं

पाठांतराइतका वेळ दुसरं काहीच वाचवत नाही. पुस्तक हातात लागतं तोपर्यंत पाठ म्हणायला जागा, उजेड, चष्मा सगळं लागतं, एकदा तोंडपाठ झालं की भाकरी थापताना रामरक्षा होते, पूर्वी जात्यावर बायका ओव्या म्हणायच्याच की. रोज दोन श्लोक घेतले तर 38 श्लोकांची रामरक्षा तीन आठवड्यांत पाठ होते. स्वयंपाक करताना मोबाईलवर तेच स्तोत्र लावून सोबत म्हणा, नुसतं ऐकणं म्हणजे म्हणणं नाही, पण चाल आणि उच्चार त्याने पक्के होतात.

जळगाव-भुसावळ, अमळनेर-जळगाव अप-डाऊन करणारे गाडीत रोज कितीतरी वेळ बसून असतात. तिथे माळ काढायला संकोच वाटत असेल तर बोटांच्या पेरांवर मोजा. अंगठा सोडून चार बोटांची पेरं 12 होतात, तशा 9 फेऱ्या म्हणजे 108. शेतीला रात्रीची लाईट असते, मोटर चालू करून बांधावर बसायचंच असतं, तोही वेळ जपाचाच. नामाला जागेचं, वेळेचं बंधन नाही. गायत्री, रुद्र असे वैदिक मंत्र मात्र आसनावर बसूनच म्हणावेत, ते चालत्या गाडीवर नकोत. आणि बाईक चालवताना डोळे-कान रस्त्यावरच ठेवा, जप पोचल्यावर करा.

सुतकात पूजा थांबते, अडचणीच्या दिवसांत घरची रीत असेल तसं बाई देवघराला हात लावत नाही, पण मनातलं नाम यात कुठेच थांबत नाही. तेव्हा तेच अडीनडीचं माप समजा.

घरातल्यांना सोबत घ्या

एकट्याने नेम चालवला की तो घरच्यांना अडथळा वाटतो. बायको डबे भरते, पोरांच्या बसची घाई आणि तुम्ही डोळे मिटून बसलेले, भांडण होणारच, आणि चूक तिची नसते. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी तर विचारूच नका, आपल्याकडे कित्येक गावांत तो रोज येत नाही. त्या दिवशी आधी पाणी भरू लागा नि मग बसा. कामं वाटून घ्या, फुलं तोडणं नातवाचं, गंध उगाळणं मुलीचं, आरती सगळ्यांची. घरातल्या बाईला पण तिचा स्वतःचा अर्धा तास मिळाला पाहिजे, तोपर्यंत पोरांकडे नि गॅसकडे पुरुषाने बघावं. नवऱ्याच्या पूजेची तयारी करून देणं हीच तिची साधना असं गृहीत धरू नका.

संध्याकाळी दिवेलागणीला दहा मिनिटं टीव्ही बंद, फोन बाजूला, दिवा लावून शुभंकरोति आणि एक आरती. सकाळ हातातून गेली असेल त्या दिवशी ही दहा मिनिटं भरून काढतात.

वाढवायचं कधी

छोटा नेम दोन-तीन महिने न मोडता चालला की मग एकच गोष्ट वाढवा, दोन नाही. वाचनाची आवड असेल तर मनाचे श्लोक घ्या, 205 आहेत, रोज 5 घेतले तर 41 दिवसांत पूर्ण. ज्ञानेश्वरीच्या सुमारे 9000 ओव्या आहेत, रोज 25 वाचल्या तर वर्षभरात पारायण होतं, अर्थासकट वाचलं तरी अर्ध्या तासाच्या आत. जपाची ओढ असेल तर एकाची दोन माळ करा. सुरुवात चातुर्मासात केली तर चार महिने घरातलं वातावरण आपोआप साथ देतं, आषाढी एकादशीला धरा आणि कार्तिकीला बघा किती टिकलं ते, पण छोटा नेम, दिवा आणि एक माळवाला, त्याला मुहूर्त बघत बसू नका, आज रात्री ताम्हण घासून ठेवा नि उद्या अंघोळीनंतर बसा.