फिलाइटमधली क्लीव्हेज आणि माझे वाया गेलेले तीन दिवस

एम.एस्सी.च्या पहिल्या मोठ्या फिल्डला ऋषिकेश–देवप्रयाग रस्त्यावर गेलो, तेव्हा स्ट्रक्चरल जिऑलॉजीत वर्गात सर्वाधिक गुण माझे होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी सरांनी माझी डायरी चाळली आणि विचारलं, "यात बेडिंग कुठाय?" बेडिंग म्हणजे खडकाचे मूळ थर. तीन दिवसांची साठेक रीडिंग होती. सगळी क्लीव्हेजची, म्हणजे खडक ज्या पातळ्यांवर फुटतो त्यांची. त्या रात्री मी जेवले नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलांना नेमकी इथेच ठेच लागते, म्हणून हे सविस्तर सांगते. आपण बेसाल्टवर वाढलेलो. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे. माळशेज घाटात कितीही फिरलात तरी डिप, म्हणजे थराचा कल, मोजायची फारशी वेळ येत नाही. त्यामुळे डोळ्याला एक खोड लागते: खडकात जी रेघ सगळ्यात ठळक, तोच थर.

देवप्रयागच्या आसपास रस्त्याच्या कापात चांदपूर फॉर्मेशन या खडकसमूहाचा फिलाइट, म्हणजे चिखल-गाळ दाबला जाऊन बनलेला खडक, आहे. हातोडा मारला की पाटीसारखे पापुद्रे सुटतात, उन्हात चकाकतात. मी त्या सपाट पृष्ठांवर ब्रंटन (कल मोजायचा होकायंत्र) टेकवत गेले. सगळे डिप एकाच बाजूला, कोनही जवळपास सारखे. नकाशावर एकही वली, म्हणजे खडकाची घडी, नाही! मला वाटलं, सोपा भाग मिळाला.

प्रत्यक्षात ते पापुद्रे म्हणजे थर नव्हेतच. मूळचा चिखल-गाळ दाबला गेला, त्याला घड्या पडल्या आणि त्याच दाबाखाली अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाच्या दिशेशी काटकोनात रचली गेली. खडक त्या पातळीवर फुटतो. ही पातळी साधारणपणे वलीच्या अ‍ॅक्सिअल प्लेनला, म्हणजे घडीला मधोमध दुभागणाऱ्या पातळीला, समांतर असते. थर एका लिंबवर (घडीच्या एका बाजूवर) इकडे कलू दे, दुसऱ्या लिंबवर तिकडे कलू दे, क्लीव्हेज आपली एकाच दिशेला. म्हणजे फक्त तीच मोजली तर डोळ्यांसमोरची वली कागदावरून नाहीशी होते.

मग थर शोधायचा कसा? पापुद्र्याच्या पृष्ठाकडे बघू नका, त्याला आडव्या तुटलेल्या कडेकडे बघा. माती पुसा, पाणी ओता. ओल्या खडकावर करड्या-हिरवट पट्ट्या उमटतात. त्यांवरून नख फिरवा. काही पट्ट्या खरखरीत लागतील. तो मूळचा सिल्ट (बारीक वाळूसारखा गाळ), ते बेडिंग. आणि क्लीव्हेज त्या खरखरीत पट्टीत शिरताना किंचित वळते, थराशी जास्त उभी होते. हे एकदा दिसलं की पुन्हा गफलत होत नाही.

प्रत्येक ठिकाणी दोन्ही मोजा, डायरीत दोन वेगळे रकाने. दोन्ही एकाच बाजूला कलत असतील आणि क्लीव्हेज जास्त उभी असेल, तर लिंब सरळ. बेडिंग जास्त उभं असेल, तर लिंब उलटलेलं. दोन्ही जवळपास काटकोनात आली, तर तुम्ही हिंजजवळ, म्हणजे घडीच्या बाकाजवळ, आहात. दोन्ही एकमेकांना छेदतात ती रेघही मोजा, कारण ती वलीच्या अक्षाला, म्हणजे बाकाच्या रेघेच्या दिशेला, समांतर असते. मात्र हा सगळा हिशोब क्लीव्हेज त्याच वलीबरोबर तयार झाली असेल तरच खरा. खडकाला दोनदा घड्या पडल्या असतील तर तो फसवतो. म्हणून नागथात क्वार्टझाइट (मूळच्या वाळूचा कठीण खडक) लागला की क्रॉस-बेडिंग, म्हणजे थराच्या आतले तिरके पदर, शोधा आणि थराची वरची बाजू कुठली ते तपासा.

आणखी एक. रस्ता वलीच्या अक्षाला तिरका कापत असेल तर कापात वली आहे त्याहून पसरट दिसते. अक्ष आडवा आणि रस्ता त्याला समांतर असेल तर थर आडवेच दिसतात. आधी अक्षाची दिशा काढा, आकारावर नंतर बोला.

मोबाइल ॲपवर स्ट्राइक-डिप (थराची दिशा आणि कल) घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. लोखंडी कठडा आणि खडकाला बांधलेली जाळी यांच्याजवळ फोन भरकटतो. ब्रंटनही भरकटतो, पण त्याची सुई हलताना दिसते. सीनियर्सच्या डायऱ्या उतरवू नका. त्यांनी काय मोजलं हे तुम्हाला माहीत नाही. आणि मार्गदर्शक शिक्षकांबद्दल एवढंच: विद्यार्थ्याला चुकू द्यावं, पण डायरी रोज संध्याकाळी बघावी. चौथ्या दिवशी नाही.

पावसानंतर ताज्या कापाखाली उभं राहायचं नाही. कितीही सुंदर वली असो. वरून एक खडा घरंगळला तरी आधी बाजूला व्हा, हेल्मेट असलं तरी.

"मला काहीच दिसत नाही" असं वाटून रडू आलं तरी घाबरू नका. मला सातव्या दिवशी दिसायला लागलं, अगदी बसच्या खिडकीतूनही. सुरुवातीची साठ रीडिंगही फुकट गेली नाहीत. शेजारच्या रकान्यात बेडिंग भरायला मी त्याच जागी परत गेले.

जमलं तर हिमालयाआधी देवलापारला जाऊन या. नागपूर–जबलपूर महामार्गावर, रामटेक तालुक्यात. भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये तिथली नॅप रचना, म्हणजे दुसऱ्या खडकांवर दूरवर सरकून आलेल्या खडकांच्या चादरी, मांडली. सौसर ग्रुप या खडकसमूहाचे घड्या पडलेले खडक आपल्याच राज्यात आहेत आणि विदर्भाबाहेरच्या किती तरी मुलांना ते ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. तिथेही शिस्टमधली (फिलाइटसारख्याच, पण जाड अभ्रकाच्या खडकातली) ठळक पातळी म्हणजे थरच, असं धरून चालू नका. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या; एक प्यायला, एक खडकावर ओतायला.