प्रवाळांच्या टाकीसाठी घरचं पाणी: गावातली तयारी

घरात समुद्री प्रवाळांची काचेची टाकी ठेवायची तर पाण्यातले क्षार काढणारं आरओ मशीन लागतं; पण ते मागवायच्या आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, मागवा. पेनाएवढा असतो, महाग नसतो, आणि पुढचा सगळा खर्च त्याच्या आकड्यावर ठरतो. घरात येणारं प्रत्येक पाणी वेगळं मोजा: नळाचं, बोअरचं, विहिरीचं, उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर टँकरचंही. आकडा तारखेसकट वहीत लिहा, कारण ऑगस्टमधलं पाणी आणि मे महिन्यातलं पाणी एकसारखं नसतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, संग्रामपूर या बाजूला, बोअरचं पाणी जिभेलाच खारट लागतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत पाण्यात फ्लोराइड असतं आणि ते चवीला कळत नाही. मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यात नेमकं काय आहे ते सांगत नाही. म्हणून एकदा तरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नमुने पाठवत असतातच. बाटली कशी भरायची ते त्यांना विचारा.

‘आपण पितो ते पाणी त्या माशांना चालत नाही का?’ हा प्रश्न घरातले विचारणारच, त्याचं उत्तरही तयार ठेवा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंत (म्हणजे ५०० पीपीएम) असावा म्हणतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. नायट्रेटला ४५ पर्यंत मुभा आहे. प्रवाळ ठेवणारे बहुतेक जण नायट्रेट १० च्या आत ठेवायला धडपडत असतात, त्यामुळे नुसतं नळाचं पाणी ओतलं तरी हिशेब पहिल्याच दिवशी बिघडू शकतो. त्याहून मोठं कारण घरातल्याच कूलरवर दिसतं. मे संपता संपता कूलरची ताटी हातात घेऊन बघा: काड्याकाड्यांवर पांढरा, खरखरीत, नखाने खरवडला तरी न सुटणारा थर. पाणी उडून गेलं, त्याच्यासोबत आलेलं सगळं तिथंच बसलं. काचेच्या टाकीतही रोज तेच होतं, फक्त तिथं तो थर दिसत नाही, पाण्यातच मुरत जातो. म्हणून आत जाणाऱ्या पाण्याचा आकडा शून्य हवा. कमी नव्हे, शून्य.

आता कोणतं पाणी घ्यायचं ते ठरवा. माझं स्पष्ट मत आहे की धरणावरच्या योजनेचं नळाचं पाणी मिळत असेल तर बोअरच्या नादी लागू नये, नळ चार दिवसांनी आला तरी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पण क्लोरीन कार्बन फिल्टरमध्ये अडकतं. बोअरचे क्षार मशीनमधल्या मेम्ब्रेनला (क्षार अडवणाऱ्या पडद्याला) आणि त्यामागच्या रेझिनला (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांना) काढावे लागतात. चांगलं मेम्ब्रेन साधारण ९६ टक्के क्षार अडवतं असं धरा. ३०० चं पाणी आत गेलं तर १२ बाहेर येतं, १२०० चं गेलं तर ४८. म्हणजे रेझिन चौपट वेगाने संपणार, आणि रेझिन तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. बोअरशिवाय इलाजच नसेल तर मोठं रेझिन कार्ट्रिज घ्या आणि मेम्ब्रेन लवकर बदलण्याची तयारी ठेवा, कारण जड पाण्यात त्यावर चुना धरतो.

नळाचं पाणी साठवायला झाकणाचा वेगळा ड्रम ठेवा आणि त्यात पाणी किमान एक दिवस शांत राहू द्या. ज्या दिवशी पंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते त्या दिवशी नळाला उग्र वास येतो. तो वास चांगला आहे, गावाला कावीळ-कॉलऱ्यापासून वाचवणारा आहे. मेम्ब्रेनला मात्र क्लोरीन जाळून टाकतं, म्हणून ओटीची (ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन तपासण्याच्या द्रावणाची) छोटी बाटली जवळ असू द्या. पंचायतीत जी चाचणी करतात तीच: नळीत पाणी, चार-पाच थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. हीच चाचणी कार्बन फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर अधूनमधून करायची. तिथं पिवळेपणाची छटा जरी दिसली तरी कार्बन त्याच दिवशी बदला. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की घरात तुरटी फिरवायची पद्धत आहे. प्यायला ठीक, पण या ड्रममध्ये तुरटी नको. तिच्यातलं ॲल्युमिनियम मेम्ब्रेनवर थर धरतं. गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी धोतराच्या घडीतून गाळून घ्या.

मशीनबद्दल पहिली गोष्ट: स्वयंपाकघरातला आरओ जसाच्या तसा चालणार नाही. त्यात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं आणि ते मुद्दाम क्षार परत मिसळतं. मेकॅनिक ओळखीचा असेल तर मेम्ब्रेननंतर लगेच एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिच्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या त्याच दाण्यांचं) कार्ट्रिज जोडा. सुरुवातीला तेवढंही पुरतं. स्वतंत्र संच घ्यायचा तर क्रम असा: पाच मायक्रॉनचा गाळ फिल्टर, कार्बन ब्लॉक, मेम्ब्रेन, शेवटी रंग बदलणारं रेझिन. गाळ फिल्टरच्या आधी बाहेरून आणखी एक जाड फिल्टर लावला तर जुलै-ऑगस्ट सुखाचे जातात.

खरी अडचण दाबाची असते. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असली तरी जेमतेम १४ पीएसआय (दाबाचं एकक) दाब मिळतो, आणि आपल्या घरांच्या टाक्या त्याच्या निम्म्या उंचीवरही नसतात. मेम्ब्रेनला ५० ते ६० पीएसआय तरी लागतात. शिवाय पाणी जितकं खारं तितका दाब त्या खारेपणाशी झगडण्यातच जातो, दर १०० पीपीएममागे अंदाजे एक पीएसआय. बूस्टर पंप घ्याच, आणि दाब दाखवणारं घड्याळही घ्या. ते नसेल तर फिल्टर तुंबला की पंप दमला हे कळणार नाही.

वेळही ठरवून घ्या. नवतप्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. मेम्ब्रेनची मर्यादा साधारण ४५ अंशांची असते, आणि त्याच्या आत असतानाही गरम पाण्यात क्षार जास्त निसटतात. पाणी पहाटे काढा, शक्यतो घरातल्या ड्रममधून. डिसेंबरच्या थंडीत उलट होतं, धार बारीक होते. मशीन बिघडलं असं समजू नका.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर पाणी वाया जातं, आणि ते वाचवायला नळीवर चिमटा लावला तर मेम्ब्रेन चुन्याने भरतं. म्हणून ते कुठं जाणार हे आधी ठरवा. बाराशे टीडीएसच्या पाण्यातून वाया जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस सोळाशेच्या आसपास जातो. संडास-मोरीला, गोठा धुवायला वापरा. तुळशीला, भाजीच्या वाफ्यांना घालू नका, काळ्या जमिनीत क्षार साठतात; फ्लोराइडच्या पट्ट्यात जनावरांनाही पाजू नका. गावात टँकर सुरू झाल्यावर रोज मशीन चालवणं मला पटत नाही. शेजारच्या बायका गुंड घेऊन रांगेत उभ्या असताना आपल्या नळीतून पाणी वाहू नये. फेब्रुवारीतच शुद्ध पाण्याचे ड्रम भरून ठेवा आणि टाकी तेवढ्याच आकाराची घ्या जेवढीला हे पाणी पुरेल.

मशीन सुरू करताना पहिली काही मिनिटं निघणारं पाणी रेझिनकडे जाऊ देऊ नका. मेम्ब्रेन बंद असताना क्षार पलीकडे झिरपतात, आणि ते पहिलं पाणी रेझिन उगाच खातं. मीटरचा आकडा स्थिर झाला की कॉक फिरवा. मेम्ब्रेननंतरचा आणि रेझिननंतरचा असे दोन्ही आकडे वहीत लिहा. दुसरा आकडा शून्यावरून एक झाला की रेझिन बदला, ‘एकच तर आहे’ म्हणून थांबू नका. संपत आलेलं रेझिन आधी सिलिका सोडतं. आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात सिलिका असतेच, मीटर ती जवळजवळ दाखवत नाही, आणि ती टाकीत गेली की वाळूवर, काचेवर तपकिरी थर चढतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून सरळ पार होतो आणि रेझिन झपाट्याने संपवतो. तसं होत असेल तर मेम्ब्रेनचं पाणी आधी ड्रममध्ये घ्या, रात्रभर एअर पंपाने बुडबुडे सोडा, मग छोट्या पंपाने रेझिनमधून काढा.

साठवणीचं भांडं निवडताना सगळ्यात जास्त जपा. शुद्ध पाणी भुकेलं असतं, ज्यात ठेवाल त्याचं थोडं घेतं. तांब्याचा हंडा, पितळी नळ, पितळी जोड यांतलं काहीही नको: तांब्याचा अंशही प्रवाळांना, झिंग्यांना, गोगलगायींना मारतो. माठ नको. फवारणीच्या औषधाची कॅन कितीही वेळा धुतली तरी नको, आणि फवारणीच्या हंगामात त्याच हातांनी ड्रमात हात घालू नका. खाद्यपदार्थांसाठीचा नवा प्लास्टिक ड्रम, घट्ट झाकण, प्लास्टिकचा कॉक, एवढंच हवं.

मीठ समुद्री टाकीसाठीचंच लागतं, खडेमीठ किंवा सैंधव चालत नाही. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) ठेवायचा. वीस लिटरला साधारण पाऊण किलोच्या आसपास मीठ बसतं, पाकिटावरचं प्रमाण बघून वजन करा. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी नको. पंप लावून रात्रभर फिरू द्या, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजणाऱ्या यंत्राने) मोजा आणि तापमान टाकीच्या २५-२६ अंशांशी जुळवूनच ओता. पावसाळ्यात पिशवीचं तोंड करकचून बांधा, दमट हवेत मिठाचे ढेकूळ होतात.

रोज उडून जाणारं पाणी भरताना मात्र मीठ अजिबात नाही, नुसतं शून्य टीडीएसचं पाणी. काचेवर पातळीची रेघ मारा आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बघा. लाइट जाते तेव्हा पंपही बंद असतो, म्हणून आठवडाभर पुरेल एवढं पाणी कायम भरलेलं ठेवा. दोन गाळ फिल्टर, एक कार्बन आणि एक रेझिनची पिशवी मृगाआधीच मागवून घ्या, आणि प्रत्येक हाऊसिंगवर (फिल्टरच्या बाहेरच्या डब्यावर) चिकटपट्टी लावून बदलल्याची तारीख लिहा.