नॅरोबोटवरची वीज: इंग्लंडच्या कालव्यांवर सुट्टीला निघण्याआधी

महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांना नॅरोबोटवरची वीज चटकन कळते. इन्व्हर्टरवर एक पंखा आणि दोन दिवे चालतील, गीझरला हात लावायचा नाही, हे तेव्हा घरातल्या पोरांनाही पाठ होतं. इंग्लंडच्या कालव्यावर आठवडाभर बोट भाड्याने घेतली की तोच नियम परत लागू होतो. फक्त इथे ‘लाइट येण्याची’ वाट बघून उपयोग नसतो. इंजिन जितकं चालवाल तितकीच वीज जमा होते.

कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे कालवे आणि नद्या सांभाळते. त्यांवर चालणारी नॅरोबोट जेमतेम ६ फूट १० इंच रुंद असते आणि लांबीला ७० फुटांपर्यंत जाते. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल. म्हणजे पोलादी पत्र्याचं एक लांबट घर, खाली पाणी, आत सहा-आठ माणसं आणि सगळ्यांचे फोन चार्जिंगला. विजेचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडून ठेवला, तर पुढचे सहा दिवस त्रास होत नाही.

दोन विजा, दोन धोके

बोटीवर दोन वेगळ्या विजा असतात. दिवे, पाण्याचा पंप आणि बहुतेक वेळा फ्रीज १२ व्होल्टवर, थेट बॅटरीतून चालतात. भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. ते इन्व्हर्टरमधून येतात किंवा धक्क्यावरून केबल ओढली असेल तर तिथून.

१२ व्होल्टचा शॉक सहसा जाणवतही नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. त्याचा धोका भाजण्याचा आणि आगीचा आहे. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी, कडं किंवा सोन्याची बांगडी टेकली, तर क्षणभर शेकडो अँपिअरचा प्रवाह जातो, धातू लालबुंद होतो आणि हाताचं बोट भाजतं. रोज सकाळी इंजिनाचं तेल-पाणी पाहायला मागचं झाकण उघडाल तेव्हा हातातलं सगळं काढून ठेवा. बॅटरीच्या कप्प्यात हात घालणं तुमचं काम नाही, ते कंपनीच्या माणसाचं.

२३० व्होल्ट मात्र घरातल्यासारखेच जीवघेणे आहेत. आजूबाजूला पोलाद आणि ओल असल्याने जरा जास्तच. ओल्या हाताने प्लग ओढू नका, वाफ भरलेल्या न्हाणीत फोनचा चार्जर नेऊ नका आणि खिडकीतून गच्चीवर एक्स्टेंशन बोर्ड काढू नका.

बोट ताब्यात घेताना

कंपनीचा माणूस बोट दाखवायला तास-दीड तास देतो. त्यातला बराच वेळ सुकाणू आणि लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे कालव्यावरचे दरवाजे) समजावण्यात जातो. विजेबद्दल तुम्हालाच विचारावं लागतं. घरासाठीच्या बॅटऱ्या किती आणि किती एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप)? इन्व्हर्टर किती वॉटचा, आणि त्यातून शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) येते की सुधारित, म्हणजे खडबडीत नक्कल? सॉकेट इंजिन बंद असतानाही चालतात का? मुख्य खटके कुठे आहेत? शेवटचं उत्तर ऐकून थांबू नका, स्वतः जाऊन बघा. इंजिनची बॅटरी आणि घरच्या बॅटऱ्या यांचे लाल मुठीचे वेगवेगळे खटके बहुधा मागच्या पायऱ्यांजवळ असतात. आग लागली किंवा वायर जळाल्याचा वास आला, तर आधी इंजिन बंद करायचं आणि मग हेच फिरवायचे. अंधारातही हात तिथे गेला पाहिजे.

इंजिन चालू असताना हे खटके कधीही बंद करू नका. अल्टरनेटर वीज तयार करत असतो, तिला जायला बॅटरी उरली नाही की व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जळतात. इंजिन बंद करण्याची पद्धतही मोटारीसारखी नाही. बहुतेक डिझेल बोटींवर आधी ‘स्टॉप’चं बटण दाबून किंवा मूठ ओढून इंजिन थांबवायचं, बझर वाजू लागतो, मग चावी फिरवायची. धावत्या इंजिनाची चावी आधी फिरवली तर अल्टरनेटरला धोका, आणि नंतर फिरवायची राहिली तर रात्रभरात बॅटरी उतरते.

रोजचा हिशेब

समजा तीन बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी ११० एएच. एकूण ३३० झाले. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाताशी १६५ धरा. आता खर्च बघा. १२ व्होल्टचा फ्रीज दिवसाला ४० ते ५०. आठ एलईडी दिवे पाच तास, ८. पाण्याचा पंप मिळून ४. चार फोन रोज एकदा, ७. टीव्ही दोन तास, ६. कुणी लॅपटॉप उघडला तर दोन तासांचे १२. हे ७७ ते ८७ होतात, म्हणजे आरामात बसतात.

गळती दुसरीकडेच असते. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, सॉकेटला काहीही लावलेलं नसलं, तरी तो अनेकदा तासाला एक एएचच्या आसपास खात राहतो. चोवीस तासांचे वीसहून जास्त एएच फुकट जातात. फोन संध्याकाळी, बोट चालू असतानाच चार्ज करा आणि झोपताना इन्व्हर्टर बंद करा.

याला एक अपवाद आहे. कुणी झोपेत सीपॅप मशीन (श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं यंत्र) वापरत असेल, तर बोट ठरवतानाच कंपनीला सांगा. पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर रात्रीचे साधारण २५ एएच लागतात. तो चालू ठेवला तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. काही मशीनना १२ व्होल्टची स्वतंत्र वायर मिळते, ती घेतली की इन्व्हर्टरची गरजच राहत नाही.

बोटीवर व्होल्टमीटर असेल तर रोज सकाळी, इंजिन लावण्याआधी आणि दिवे बंद असताना वाचा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. ११.८ च्या आसपास असेल तर आदल्या रात्री उधळपट्टी झाली आहे. इंजिन चालू झाल्यावर आकडा १४ च्या वर गेला पाहिजे. १२ वरच अडकला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, त्याचा पट्टा तुटला किंवा सैल झाला असेल. तिथेच थांबून कंपनीला फोन करा.

बॅटरी पहिल्या ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, उरलेल्या २० टक्क्यांना मात्र तासन्‌तास लागतात. त्यामुळे रोज पाच-सहा तास प्रवास झाला तर काही करावं लागत नाही. अडचण एकाच जागी दोन-तीन दिवस थांबणाऱ्यांची होते. काठाला बांधलेल्या बोटीचं इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ चालवायला मनाई आहे, म्हणून चार्जिंग दिवसाउजेडीच उरकावं लागतं.

स्वयंपाकघर

इथे आपली मंडळी हमखास फसतात. ब्रिटनमधली घरगुती किटली ३,००० वॉटची असते. १२ व्होल्टच्या बॅटरीकडून त्यासाठी अडीचशेहून जास्त अँपिअर ओढावे लागतील. इन्व्हर्टर सुरू होताच आचका देऊन बंद पडतो. हेअर ड्रायर, इंडक्शन, राइस कुकर, इस्त्री, सगळ्यांचं तेच. ही सामानातून काढून टाका. बोटीवर गॅसची शेगडी असते, तिच्यावर शिट्टीची किटली ठेवा, कुकर लावा. अंघोळीचं गरम पाणी इंजिनाच्या उष्णतेवरच तापतं. तासभर बोट चालली की टाकीभर मिळतं.

मिक्सरचं थोडं वेगळं आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे योग्य अ‍ॅडॅप्टर लावला तर भारतातून आणलेला मिक्सरही चालतो. ७५० वॉटचा मिक्सर सुमारे ७० अँपिअर घेतो आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. १,५०० वॉटच्या इन्व्हर्टरवर, इंजिन चालू असताना, भांडं अर्धंच भरून दहा-दहा सेकंद फिरवला तर चटणी होते. सुधारित साइन वेव्हवर मोटर घरघरते आणि तापते, तिथे नादाला लागू नका. सगळ्यात सोपं म्हणजे ओलं वाटण घरीच करून, गोठवून न्यायचं. तेच डबे फ्रीजमध्ये पहिले दोन दिवस थंडावा धरतात आणि फ्रीजची मोटर कमी चालते.

फोडणीच्या धुराने धुराचा अलार्म ओरडेल. खिडकी उघडा, पण अलार्ममधली सेल काढू नका आणि दारावरची हवेची जाळी कापडाने बुजवू नका. २०१९ पासून राहायची सोय असलेल्या बोटींना बोट सेफ्टी स्कीमने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा केला आहे. त्या वायूला वास नसतो. तो अलार्म वाजला की गॅस आणि इंजिन बंद करून सगळ्यांनी बाहेर यायचं, चर्चा काठावर.

धक्क्यावरची केबल

मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, रात्र काढताना निळ्या, १६ अँपिअरच्या प्लगची केबल मिळू शकते. क्रम चुकवू नका:

१. केबल पूर्ण उलगडा. रिळावर गुंडाळलेली केबल तापून वितळते. चिरलेली किंवा टेप मारलेली असेल तर वापरू नका.
२. धक्क्यावरच्या वीजखांबाचा खटका बंद असल्याची खात्री करा.
३. आधी बोटीकडचं टोक लावा, मग खांबाकडचं. मगच खटका चालू करा.
४. बोटीतल्या आरसीडीचं ‘टेस्ट’ बटण दाबा. तो खटकन पडला पाहिजे. ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारं हे यंत्र आहे, ते पडत नसेल तर केबल काढून ठेवा.
५. उलट पोलॅरिटीचा (फेज आणि न्यूट्रल वायरची अदलाबदल झाल्याचा) लाल दिवा लागला तर त्या खांबाची वीज घेऊ नका.

काढताना उलट: खटका बंद, आधी खांबाचं टोक, शेवटी बोटीचं. चुकून उलटं झालं तर हातात जिवंत टोक राहतं आणि खाली पाणी असतं.

कधीकधी कुणी सांगतं की केबलच्या अर्थिंगमुळे पोलादी तळ गंजतो, ती वायर काढून टाका. गंज खरा आहे. शेजारच्या बोटींशी अर्थिंगमधून जोडणी होऊन तळाचं पोलाद झिजतं. त्यावर उपाय म्हणून गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. तो हा बारीक प्रवाह अडवतो आणि बिघाडाचा मोठा प्रवाह जाऊ देतो. अर्थिंग तोडलं, तर बिघाड झाल्यावर सगळी बोटच जिवंत होते.

याच कारणाने मरीनात पोहू नका. गोडं पाणी मिठाच्या पाण्यापेक्षा कमी वाहक असतं, म्हणून पाण्यात सुटलेला प्रवाह माणसाच्या शरीरातून वाट काढतो. स्नायू आखडतात आणि पोहणारा बुडतो. कुणी पडलं तर पाण्यात उडी मारू नका. आधी खांबाची वीज तोडा, मग रिंग फेका, ९९९ ला फोन करा.

काठावर खुंटी ठोकण्याआधी

बोट बांधायला लोखंडी खुंट्या आणि हातोडा दिलेला असतो. पायवाटेखाली काय आहे हे वरून दिसत नाही. लंडनमध्ये रीजंट्स कॅनालच्या पायवाटेखाली, सेंट जॉन्स वूड ते सिटी रोड या पट्ट्यात, १९७९ पासून ४०० किलोव्होल्टच्या केबल आहेत. त्या गार ठेवायला कालव्याचंच पाणी फिरवतात. केबलचा फलक असेल तिथे खुंटी ठोकायचीच नाही. बसवलेल्या कड्यांना दोर बांधा, किंवा काठाला पोलादी पट्टी असेल तर तिच्यात आकडा अडकवा. वरून वीजवाहिन्या जात असतील तिथे मुलांना मासेमारीची लांब काठी उभी करू देऊ नका. ओली कार्बनची काठी तारेला टेकायचीही गरज नसते, जवळ गेली तरी पुरते.

बिघाड ओळखायचा कसा

नळ बंद असूनही पंप अधूनमधून घुरघुरत असेल तर कुठेतरी नळ गळतो आहे. सलग चालत राहिला तर टाकी रिकामी झाली आहे, पंप लगेच बंद करा. अजिबात आवाज नसेल तर १२ व्होल्टच्या पॅनेलवर त्याचा खटका पडला आहे का बघा. एकदा वर करा. परत पडला तर तसाच राहू द्या, बळेच धरून ठेवू नका.

फ्रीज टिकटिक करतो पण सुरू होत नाही, दिवे मंद, इन्व्हर्टर पीं-पीं करतो: बॅटरी उतरली. इंजिनची बॅटरी वेगळी असल्यामुळे इंजिन बहुधा सुरू होतं. ते दोन तास चालवा. मागून कुजक्या अंड्यासारखा वास आला तर एखादी बॅटरी आतून बिघडून जास्त चार्ज होते आहे. इंजिन आणि केबल दोन्ही बंद करा, खिडक्या उघडा, काडी पेटवू नका. बाहेर पडणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

बोट पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात कपडा किंवा पिशवी अडकली तर त्याच्या वरचं झाकण उघडण्याआधी इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा. आतून कुणी चुकून स्टार्ट केलं तर हात वाचत नाही. काम झाल्यावर झाकण घट्ट बसवा, नाहीतर इंजिन लावताच बोटीत पाणी भरतं.

कंपनीला फोन करताना ‘झाडांच्या मधोमध आहोत’ म्हणून भागत नाही. जवळच्या पुलाच्या कमानीवर क्रमांकाची पाटी असते. कालव्याचं नाव, तो क्रमांक आणि व्होल्टमीटरचा आकडा, एवढं सांगितलं की मेकॅनिक योग्य जागी योग्य सुटे भाग घेऊन येतो.